अनुक्रमांक दोनशे सतरा

१ सप्टेंबर, सोमवार
मतदार यादी आजपासून नगरपालिकेच्या तळमजल्यावर बघायला ठेवली आहे. आठला उघडतात. मी पावणेआठला हजर. माझ्याआधी कोणी नव्हतं, नंतरही कोणी आलं नाही. आमच्या वस्तीची नावं चारशे बारा. मी २१६. दोन्का २१७.
दोन्का फेब्रुवारीत वारली. स्लोव्हेनियात, मारिबोरच्या इस्पितळात. इस्क्रा, आमची मुलगी, तिथे असते. दोन्काला आणून इथे वरच्या दफनभूमीत ठेवलं. यादीला हे माहीत नाही, कारण परदेशातल्या मृत्यूचा कागद आपण होऊन खिडकीवर द्यावा लागतो. त्या कागदाचा लिफाफा आणि तिचं ओळखपत्र ड्रॉवरमध्ये आहे. सवडीने देईन.
येताना पाव आणला.

४ सप्टेंबर, गुरुवार
नेमणूक झाली. युरोपियन युनियनवाल्यांनी अहवालात लिहिलं आहे की आमच्या देशात माणसांपेक्षा मतदार जास्त आहेत. मेलेलेही मत देतात म्हणे. आत यायचं तर आधी यादी साफ करा. म्हणून दर वस्तीत एक नागरिक पडताळणीला. वीस वर्षं आपण सदस्यत्वाचे उमेदवार. देशाचं नावसुद्धा बदलून पाहिलं. गाडं नेमकं कुठे अडलं आहे, ते मला आज कळलं. आमच्या वस्तीत.
मुलाखत नोंदणी खिडकीवरच्या बिसेर्काने घेतली. विचारलं, "नाउमकाका, पेन आहे ना घरी? इथली संपलीत." एकूण अर्ज किती आले, हे तिने सांगितलं नाही. गोपनीय असणार. एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले, चुंबक लावून मीटर अडवणारे पकडले, त्याची कुठेतरी नोंद असतेच.
निघताना म्हणाली, "आणखी काही द्यायचं असेल तर तेही आणा काका. घाई नाही." सरकारी खिडकीवरचं माणूस घाई नाही म्हणतं, म्हणजे काहीतरी आहे. तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल.
संकल्प : महिनाअखेर या वस्तीत एकही मृत मतदार शिल्लक राहणार नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
पहिला संशयित ठरला. समोरचा स्पासे. सत्ताधाऱ्यांचा माणूस. एरवी नगरपालिकेच्या फुलांना पाणी घालतो, निवडणूक आली की त्याला गल्लीतल्या प्रत्येकाची चपलेची मापं पाठ असतात. त्याच्या घरी सात मतदार. दोरीवर कपडे चौघांचे.
संध्याकाळी त्याच्या बायकोने मातीच्या भांड्यात भाजलेली घेवड्याची डाळ पाठवली. फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी पाठवते. आजवर मी भांडं धुऊन परत देत होतो. आता मी पदावर आहे, म्हणजे ही लाच होते. परत करणार होतो, पण तोवर थंड झालं असतं. खाल्लं. भांडं पुरावा म्हणून ठेवलं आहे.

८ सप्टेंबर, सोमवार
आपला मीटर वाचला. ऑगस्टचं पाणी चार घनमीटर. या घरात महिन्याला नऊ लागतं, गेली पंचवीस वर्षं. मीटर अडकलेला आहे, किंवा अडकवलेला. मीटर आमच्या फाटकाजवळच्या खड्ड्यात, आणि फाटक स्पासेच्या खिडकीसमोर. तपासणीचा अर्ज दिला.

१० सप्टेंबर, बुधवार
स्पासेच्या यादीतला सर्वांत संशयास्पद : त्याचा चुलता ग्लिगोर, वय एकशे एक. पंधरा वर्षांत मी त्याला रस्त्यावर पाहिलेलं नाही. दहा वाजता फाईल घेऊन गेलो. स्पासे दारातच म्हणाला, "या इन्स्पेक्टर. आज कोणाला मारायला आलात?"
ग्लिगोर मागच्या खोलीत, खुर्चीत. जिवंत. मी येण्याचं कारण सांगितलं तर ओरडला, "कोण मेलं? मी? अरे ए मीटरवाल्या, या खुर्चीतून हललो नाही आणि पाच देश झाले माझे! राजा आला, गेला. बल्गेरियन आले, गेले. आता कुठे जायचं म्हणतोस?"
मी म्हटलं, युनियनमध्ये.
"असल्याच एका संघात काढली मी पंचेचाळीस वर्षं. शेवट काही धड झाला नाही." मग स्पासेकडे वळून, "याला राकिया दे. याचा चेहरा बघ, यादीतून याचंच नाव काढावं लागेल."
त्या घरच्या दारूचा एक पेला घेतला. नाकारणं उद्धट दिसलं असतं. ग्लिगोरच्या नावापुढे 'जिवंत' लिहिलं, पेन्सिलीने.

१४ सप्टेंबर, रविवार
इस्क्राचा फोन. बाबा, लिफाफा दिलात का? मी म्हटलं, यादीचं काम चालू आहे, सध्या खिडकीवर जाणं औचित्याला धरून नाही. ती म्हणाली, तुम्ही रोज त्याच खिडकीवर जाता. मी म्हटलं, ते पदाधिकारी म्हणून.
शिवाय मृतांच्या ओळखपत्रांचं काय होतं, हे तिला माहीत नाही. खिडकीवर दिलं की ते कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. असं बाहेर गेलेलं कार्ड घेऊन कोणीही दोन्का म्हणून मत देऊन जाईल. माझ्या ड्रॉवरमध्ये ते सुरक्षित आहे. एका अर्थी या वस्तीतलं सर्वांत चोख राखलेलं नाव २१७च आहे.
ती म्हणाली, बाबा, सात महिने झाले. फोन महाग पडतो, म्हणून ठेवला.

१७ सप्टेंबर, बुधवार
नऊ नंबरच्या घराला छप्पर नाही. मतदार सहा. इथे नक्की काहीतरी हाती लागणार म्हणून कॅमेरा घेऊन गेलो. सहाही जण स्वीडनमध्ये, माल्मोला. जिवंत. त्यांच्यातला थोरला सुटीवर आलेला, पडक्या भिंतीवर बसून कलिंगड खात होता. फोटोसाठी छान हसला.
हे कळल्यावर स्पासे फाटकावरून म्हणाला, "इन्स्पेक्टर, देश युनियनमध्ये जाईल तेव्हा जाईल, गल्ली कधीच गेली. आता मागे तुम्ही, मी आणि ग्लिगोरकाका. आम्हाला कोण घेतंय?"
असल्या निराशावादी बोलण्यामागे हेतू असतो.
गल्लीभर आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजण्याचा धूर. पाळत ठेवायला अडचण. मीही नेहमीप्रमाणे वीस किलो लाल मिरच्या आणल्या आहेत. रविवारी घालीन चुलीवर. यात फार काही अवघड नसावं.

२१ सप्टेंबर, रविवार
अवघड आहे.
उरलेलं पोतं स्पासेची बायको न विचारता घेऊन गेली. "नाउमभाऊजी, तुम्ही याद्याच करा." सव्वा तासात गल्लीतल्या चार बायका तिच्या अंगणात सोलायला बसल्या. माझ्या मालाची ही जप्तीच झाली. नोंद करून ठेवतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार
उद्या यादी तपासायला युनियनची बाई येणार, डेन्मार्कची. अकरा संशयित होते. अकराही जिवंत निघाले. यामागे फार मोठी योजना असली पाहिजे.
संध्याकाळी उद्याच्या बैठकीच्या सभागृहाकडे गेलो तर समोरच्या खांबावरचा दोन्काचा श्रद्धांजलीचा कागद गायब. ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचा म्हणून मीच लावला होता. काळी चौकट, फोटो, नाव, तारीख. शेजारच्या खांबांवर इतरांचे कागद जागच्या जागी. फक्त तिचा काढलेला, तोही फाडून नाही. चारही टाचण्या खांबाला व्यवस्थित परत लावलेल्या. बेकरीवाल्याने पाहिलं. स्पासे होता म्हणाला.
इतक्या खालच्या पातळीवर तो जाईल असं वाटलं नव्हतं. उद्या सर्वांसमोर विचारीन.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी २
विचारलं नाही. जे झालं ते असं.
बाई उंच, नम्र, सोबत राजधानी स्कोप्येहून आलेला दुभाषा. हजर : बिसेर्का, पक्षातर्फे स्पासे, गल्लीतले पंधरा-सोळा जण. मी तीन रंगांची फाईल मांडली. बाईने विचारलं, मृत किती सापडले? मी म्हटलं, एकही नाही. मागे कोणीतरी खोकलं. बाई म्हणाली, मग तीन नंबर सहज म्हणून तपासू. डोळे मिटून बोट ठेवलं. ४१. ग्लिगोर. शपथेवर सांगायला अर्धी गल्ली उठली. ३८०. तो खोलीतच होता, त्याने हात वर केला.
२१७.
पान काढायला मला वेळ लागला. फाईलला खुणा होत्या, तरी लागला. दुभाष्याने विचारलं, या बाई या पत्त्यावर राहतात का?
मी म्हटलं, हो.
बिसेर्का पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. मग बाईने पक्षाचा माणूस म्हणून स्पासेला विचारलं, तुम्ही ओळखता यांना?
मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आता हा बोलणार आणि सगळं संपणार. एकदा सुटायला हवंच, असंही वाटून गेलं.
स्पासे म्हणाला, "ओळखतो म्हणजे काय! समोरच तर राहतात. आमच्याआधी उठतात, अंगण झाडतात. झाडता झाडता आमचंही झाडतात, वर आमच्या हिला ऐकवतात. आयवार हिला त्यांनीच शिकवला."
दुभाष्याने भाषांतर केलं. बाई हसली. तिने खूण केली.
आमची वस्ती आदर्श ठरली. चहापानाला मी थांबलो नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
नीट विचार केला. मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. प्रश्न पत्त्याचा होता. पत्ता बरोबर आहे. तिचा कोट या पत्त्यावर आहे, चष्मा आहे, मारिबोरहून परत आलेली बॅग आहे, जी मी अजून उघडलेली नाही.
स्पासे मात्र सराईतपणे खोटं बोलला. वर्तमानकाळात. या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता, तो बरोबर ठरला.
आता धोका वाढला आहे. युनियनच्याच खुणेने ती जिवंत आहे म्हटल्यावर तिच्या नावावर कोणीतरी मत देणारच. मतदानाच्या दिवशी निरीक्षक म्हणून दिवसभर बसणार. २१७समोर सही करायला जो कोणी येईल त्याला जागेवर धरीन.
कालची डाळ खाल्ली. चौथं भांडं.

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी ८
सकाळी सातला शाळेत हजर. निरीक्षकाचा बिल्ला. खुर्ची अशी लावून घेतली की सह्यांचं रजिस्टर दिसावं. टेबलापाशी मतदान समितीचा म्हणून स्पासे, हातात लाकडी पट्टी.
मी मत दिलं सव्वासातला. माझी ओळ आली तेव्हा स्पासेने पट्टी बरोबर तिच्या खाली ठेवली. २१७ झाकलं गेलं. मी म्हटलं, पट्टी काढा. त्याने काढली. समोरची जागा कोरी.
मग बसलो. दहाला ग्लिगोरला खुर्चीसकट आणलं. तो मला म्हणाला, "अजून जिवंत आहेस वाटतं?" दुपारी बायका आल्या. प्रत्येक वेळी दार वाजलं की मी मान वर करीत होतो. उंची, कोट, चाल बघत होतो. दोनदा अर्धवट उठलोही. एकदा पोस्टातली बाई निघाली, एकदा कोणीच नाही, वाऱ्याने दार उघडलं होतं. बिसेर्काने पाव आणि चीज आणून दिलं. म्हणाली, "काका, घरी जाऊन जरा पडा, मी बघते." मी म्हटलं, मी नसताना आली तर?
'आला तर' म्हणायचं होतं.
सातला दार लावलं. पान मी स्वतः पाहिलं. २१७ला कोणी आलं नाही.
शाळेच्या पायऱ्यांवर स्पासेने कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून दिला. घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला. "तो दुभाषा वाचेल असं वाटलं," म्हणाला. "हसताहेत छान फोटोत." मी कागद घेतला. त्याच्याविरुद्धची तक्रार मनात तयार होती, ती आठवेना.

१३ ऑक्टोबर, सोमवार
पावणेआठला खिडकीवर. लिफाफा आणि कार्ड दिलं. बिसेर्काने ड्रॉवरमधून अर्ज काढला. नाव, जन्म, पत्ता, सगळं भरलेलं, फक्त माझ्या सहीची जागा मोकळी. वरची तारीख मार्चची. तिने मला पेन दिलं. कात्रीने कार्डाचा कोपरा कापला आणि कार्ड परत केलं. "फोटो तुम्हाला राहू दे, काका." एकूण सात मिनिटं लागली. शिक्का सापडत नव्हता म्हणून.
यादी आता चारशे अकरा नावांची. माझं काम पूर्ण झालं. पडताळणीत सापडलेले मृत : एक. हे निवडणूक मंडळाला कळवायला हवं. कळवीन.
इस्क्राला सांगितलं. ती रडली, मग मारिबोरला थंडी पडायला लागली म्हणाली.
मीटरच्या अर्जाचं उत्तर आलं आहे. तपासणी झाली, मीटरमध्ये दोष नाही.
स्पासेच्या बायकोची भांडी उद्या परत करायची आहेत. सहा झाली. डाळ करपून तळाला धरलेली, त्यामुळे दोनदा पाणी घालून भिजत ठेवली, मग घासून ओट्यावर पालथी मांडली. हात पुसले. फाटकाजवळच्या खड्ड्याचं झाकण उचलून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. आज पाणी जरा जास्त गेलं आहे.