वारणेच्या वाघाचे केस

३ जून
ऑनलाइन क्लासला आज फोटोतल्या चेहऱ्यावरचे डाग काढायला शिकवलं. नेसरीच्या सम्राटनं डाग काढता काढता म्हाताऱ्याच्या नाकपुड्याच पुसल्या. "सर, काळं दिसलं, काढलं." वर मार्क किती देणार म्हणून विचारतोय.

एकानं नाव टाकलंय 'वारणेचा वाघ'. कॅमेरा कधी चालू करत न्हाय, केलेलं कधी दाखवत न्हाय. सारखं एकच — "सर, टकलावर केस कसे बसवायचे?" त्याच्यासाठी वेगळा क्लास घेतला. एकेक केस सुटा काढ, गवत पेरल्यागत दिसाय नको. लई मन लावून ऐकत होता.

५ जून
आमच्या क्रांतीचं दुसरंबी स्थळ गेलं. नुसता फोटो बघून! रंग सावळा, गालावर कांजिण्यांचा वण. पोरगी हसली आणि ऑफिसला गेली. डबा तसाच परत आणला.

ही म्हणते, "जगाच्या पोरी गोऱ्या करता, आपलीच तेवढी हाय तशी?"

व्हय. माझी पोरगी हाय तशीच दिसंल. तिच्या फोटोला हात लावायचा न्हाय, हिला बजावलं.

६ जून
आमटी खारट. मुद्दाम केलती.

११ जून
वारणानगरचं स्थळ आलंय. मुलगा राजवीर, डेअरीत नोकरीला. फोटो मोठा करून बघितला. केस काय केस! एकेक सुटा. हिला म्हणालो, "ह्याला म्हणायचं खरा फोटो. कुणाचा हात लागला असता तर मला लगेच कळलं असतं." ही लगबगीनं चहा ठेवायला गेली.

१४ जून
पावणं आलं. मुलगा टोपी घालून. देवाला हात जोडताना टोपी काढली — कपाळ पार मागंपर्यंत गेलेलं.

"नमस्कार सर," म्हणाला. आवाज ओळखीचा. वाघ!

लई तापलो. "केस चिकटवून पोरी बघत हिंडतोस व्हय रं?" पोहे तसंच ऱ्हायलं, पावणं उठून गेलं. ही गप्प. एवढी गप्प कधी बसत न्हाय. क्रांती दार लावून बसली. तिसरं स्थळ मीच घालवलं.

१५ जून
वाघाचा मेसेज. सोबत क्रांतीचे दोन फोटो. एक गोरापान, वण न्हाईच. दुसरा खरा.

"सर, माफ करा. काकूंनी क्लासच्या ग्रुपवरनं माझा नंबर काढून क्रांती मॅडमचा फोटो गोरा करायला दिलता. सरांना कळू देऊ नको म्हणल्या. दिला करून. माझा केसांचा फोटो आत्यानं पाठवला, तिला अडवायला पायजे होतं. पण स्थळ घाल म्हणून मीच तिच्या मागं लागलतो. मॅडमचा मूळ फोटो बघून. वणाचा."

फोन क्रांतीकडं दिला. तिनं मेसेज सावकाश वाचला.

"टोपी घरी ठेवून या म्हणावं," म्हणाली.