गुरुवारअखेर

गुरुवार, १२ फेब्रुवारी
सकाळी साडेआठ

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्रावर वार, तारीख आणि वेळ तिन्ही घातली आहेत, हे आधी पाहून घे, म्हणजे मागच्या वेळसारखी बोलणी खावी लागणार नाहीत. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

बातमी अशी, की मी बसवलेला पाण्याचा अहवाल पंधरा दिवसांपूर्वी सुरू झाला. पाचही टाक्यांचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं, की निकाल तिथून थेट स्क्रीनवर येतो. पुढे त्यांनी एखादा निकाल दुरुस्त केला, तर अहवालात तो आपोआप बदलतो, अगदी मागच्या तारखांच्या पानांवरसुद्धा. म्हणजे माझा अहवाल कधी शिळा होत नाही! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी दिवसभर हवेत होते. तू इथे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरीला होतीस तेव्हापासून तक्त्याच्या माथ्यावर 'अमुक तारखेअखेर' असं लिहायची पद्धत होती ना, तेही मी काढून टाकलं. आता अखेर कसली आणि काय!

तुला स्क्रीन बघायला मिळायची नाही, म्हणून आत्ता समोर दिसतंय ते उतरवून देते: टाकी एक योग्य, दोन योग्य, तीन योग्य, चार योग्य, पाच अयोग्य. पाच नंबर बंद ठेवली आहे.

खूश नाही तो एकच माणूस, आमचे व्हॉल्व्हमन. रोज सकाळी सातला पाणी सोडण्याआधी स्क्रीनपुढे उभे राहतात आणि विचारतात, की हे कालचं का आजचं, आणि कागदावर मिळेल का. मी त्यांचं नाव शंकासुर ठेवलंय आणि ऑफिसात ते चांगलंच रुळलंय. दोरीनं बांधलेला चष्मा नाकावर चढवून इतका वेळ बघत बसतात, की त्यांना वाचता तरी येतं का, असा मला संशय आहे.

प्रकृतीला जप. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहू दे, ही विनंती.

तुझी
घाईबाई


मंगळवार, १७ फेब्रुवारी
दुपारी चार

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. कान माझे ठणठणीत आहेत, तुमचे फोनच पुटपुटतात. गुडघे बरे आहेत, म्हणजे मंगळवारी चार वाजता बरे आहेत. पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हाचं मी आत्ता काय सांगू?

अहवालाचं वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. 'अखेर' का काढलंस गं? त्याचा अर्थ सगळं संपलं असा नव्हता. त्या दिवशी, त्या वेळेपर्यंत, आम्हाला जे कळलं होतं ते हे, एवढंच तो शब्द सांगायचा. मी नवी असताना एक चुकलेला आकडा रबरानं खोडून, सुबक अक्षरात बरोबर करून ठेवला होता. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. हेडक्लार्कांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, की काल हा तक्ता बघून ज्यांनी काम केलं, त्यांना आज वेड्यात काढायचं आहे का. तेव्हापासून चुकलेला कागद तसाच ठेवायचा आणि दुरुस्तीचा वेगळा कागद त्याला टाचायचा, ही सवय लागली ती निवृत्त होईपर्यंत.

आणि व्हॉल्व्हमनना नावं ठेवू नकोस. मला तर त्यांचा प्रश्न अगदी रास्त वाटतो. शिवाय वयानं ते तुझ्या बापाएवढे असतील.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद देताना मी हात आखडत नाही, तूही पत्र लिहिताना आखडू नकोस.

तुझी
आत्या


शनिवार, २१ फेब्रुवारी
दुपारी दोन

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ते हातात धरून बसून राहिले. इथे फार वाईट झालं आहे.

तुला मी पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन नंबरच्या टाकीमागच्या वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एकतीस माणसं आजारी पडली, दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आता सगळी घरी आहेत, जिवावर कुणाच्या बेतलं नाही. पण चौकशी बसली. साहेबांनी गुरुवारचं पान उघडलं, तर तिथे लाल अक्षरात तीन नंबर अयोग्य! मग असं असताना पाणी सोडलंच कसं, असं त्यांनी व्हॉल्व्हमनना विचारलं. ते एवढंच म्हणाले, की सातला बघितलं तेव्हा तिथे योग्य होतं.

झालं होतं असं, की प्रयोगशाळेत तीन आणि पाच नंबरच्या बाटल्यांची अदलाबदल झाली होती. केमिस्टबाईंनी ती चूक नंतर दुरुस्त केली. पण त्या छातीठोकपणे सांगतात, की दुरुस्ती गुरुवारी सहालाच केली, पाणी सुटायच्या आधी. खरी कधी केली, ते अहवालात कुठेच नाही. जुना निकाल पुसला जातो, त्याच्या जागी नवा येतो आणि मागमूस राहत नाही. हे मीच तसं बसवलं आहे, आत्या.

व्हॉल्व्हमन निलंबित झालेत. बत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक ओरखडा नव्हता. आता वस्तीतले लोक त्यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात. आणि काल व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, की मुळात शंकासुराला वाचता येत असेल तर ना, आणि सगळे हसले. ती थट्टा माझी. मीच ती ऑफिसभर केली होती.

पान नंतर बदललेलं असू शकतं, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, की हातात काही असेल तर दाखवा. माझ्या हातात काही नाही. निदान तू तरी माझ्यावर रुसू नकोस.

तुझी
घाईबाई


मंगळवार, २४ फेब्रुवारी
सकाळी अकरा

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

अगं वेडे, हातात काही नाही काय म्हणतेस? तुझं बारा तारखेचं पत्र माझ्यापुढे आहे. तीन योग्य, पाच अयोग्य, तुझ्याच अक्षरात. माथ्यावर सकाळी साडेआठ. पाकिटावर टपालाचा त्याच दिवसाचा शिक्का. केमिस्टबाईंनी सहाला दुरुस्ती केली असती, तर साडेआठला तुला तीन नंबर योग्य कसा दिसला असता?

चौकशी पुन्हा कधी आहे ते उलट टपाली कळव. रुसण्याचं नंतर बघू.

तुझी
आत्या


शुक्रवार, २७ फेब्रुवारी
सकाळी दहा

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला. चौकशी येत्या शुक्रवारी आहे. व्हॉल्व्हमन समोर बसलेले असतील आणि कागद सगळ्यांसमोर वाचला जाईल.

म्हणून एक विनंती. वरची तारीख आणि टाक्यांचं तेवढं ठेव, आणि त्याखालचा मजकूर कात्रीनं कापून टाक. का, ते तू पत्र पुन्हा वाचलंस की कळेल. ते त्यांनी ऐकलं, तर मला पुन्हा त्यांच्यापुढे उभं राहता येणार नाही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी
घाईबाई


सोमवार, २ मार्च
सकाळी नऊ

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

खोटं कशाला सांगू, कात्री हातात घेतली होती. तू माझी लाडकी, तुझी फजिती मला बघवायची नाही. पण कापवलं नाही. सबंध पत्र पाकिटासकट सोबत पाठवते आहे.

कापलेला कागद बघितला, की माणूस आधी विचारतो, कापलं काय. हे झालं व्यवहाराचं. दुसरं असं, की त्या सकाळी तू जे पाहिलंस आणि त्या सकाळी तुझ्या मनात जे होतं, ते एकाच कागदावर उतरलं आहे. आज लाज वाटते म्हणून त्यातलं अर्धं नाहीसं केलंस, तर मी रबर घेऊन बसले होते ते काय वाईट होतं?

पत्र तुझं आहे. द्यायचं की नाही, कापायचं की नाही, ते तूच ठरव. काहीही ठरवलंस तरी या घराचं दार तुला उघडं आहे.

तुझी
आत्या


शनिवार, ७ मार्च
सकाळी सात

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र सबंध दिलं.

साहेबांनी ते कारकुनाला वाचायला सांगितलं. टाक्यांचं वाचून झालं, तसा केमिस्टबाईंचा चेहरा उतरला. दुरुस्ती शनिवारी केल्याचं त्यांनी मग कबूल केलं, आजारपणाची बातमी आल्यावर घाबरून. तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण कारकून ओघात पुढे वाचत गेला. शंकासुर, दोरीचा चष्मा, सगळं. त्यांच्याबद्दलच्या शेवटच्या वाक्याशी तो अडखळला आणि साहेबांकडे बघू लागला. साहेबांनी सगळं वाचा म्हणून खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हॉल्व्हमन टेबलाकडे बघत बसून होते.

निलंबन तिथल्या तिथे रद्द झालं, आणि पाणी सोडण्यात त्यांचा काही दोष नव्हता, अशी नोटीस वस्तीत लावायचं ठरलं. माझ्या नावावर शेरा आला, तो मी सही करून घेतला. सोमवारपासून रोज सहाला तक्ता छापून, तारीख-वेळ घालून, सही होऊन पंपावर जाईल. निकाल बदलला, तर पहिल्या कागदाला हात न लावता दुसरा निघेल. मी मांडलं आणि साहेबांनी मान्य केलं.

नक्कल दफ्तरी ठेवून मूळ पत्र मला परत मिळालं. बैठक संपल्यावर मी व्हॉल्व्हमनना जिन्यात गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. एवढंच विचारलं, की ते पत्र जरा बघायला मिळेल का. मी दिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोरी कानामागे नीट बसवली आणि पत्र उजेडाकडे धरलं. मग त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून, त्यांना वाचता तरी येतं का असा मला संशय आहे, हे माझं वाक्य त्यांनी मोठ्यानं, सावकाश, एकही अक्षर न अडखळता वाचून दाखवलं. मला. जिन्यात, सगळे जात-येत असताना.

कागदाची घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, की सोमवारी सहाला तक्ता तयार ठेवा, आणि खाली उतरून गेले.

आत्या, पत्र तुझ्याकडे परत पाठवते आहे. होतं तसंच ठेव. मीही आहे तशीच आहे, मला सांभाळून घे.

तुझी
घाईबाई