अर्धवट सोडलेलं वाक्य

चि. हरेश यास दादाचे आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी मी इथल्या पाद्र्यांच्या सेमिनरीत फादरांच्या वर्गात चहा घेऊन गेलो. ते मुलांना लॅटिन कविता शिकवत होते. म्हणाले, "धमकी द्यायची असली की हे कवी वाक्य मध्येच तोडतात. उरलेलं ऐकणारा भरतो, आणि तो वाईटच भरतो."

मला तुझा आदल्या दिवशीचा फोन आठवला. "दादा, तुझी पोरगी रूपाली शेलूच्या त्या पोरासंगं परत दिसली, तर मी..." एवढं बोलून तू थांबलास. मागून आईचा आवाज आला, "आदी तो कोयता ठेव रं." गवत कापत असशील, अशी मी मनाची समजूत घातली. पण चैत्रात गवत कुठलं?

आईचे पाय अजून सुजतात का? तिची गोळी चुकवू नकोस.

तुझं ते वाक्य मी तीन दिवस देवापुढं बसून पुरं करून पाहिलं. एकदाही चांगलं झालं नाही. म्हणून शुक्रवारी रूपालीला इथं पुण्याला बोलावून घेतलं, आणि काल आळंदीत त्याच मुलाशी तिचं लग्न लावून दिलं.

तुझा दादा,
दशरथ