सातव्या तोंडाची लाल पाटी

कॅम्प नं. ३, रियाधबाहेर
१२ ऑक्टोबर १९७८

प्रिय तुळसा,

तुझं पत्र पोचलं. आठ वर्षांत पहिलं, आणि तेही 'हरिहरभाऊ' असं घालून! भाऊ कधी झालो गं मी? असो. तुझा बाळाराम बरा आहे, म्हणजे तुरुंगात माणूस जितका बरा असतो तितका. शुक्रवारी खजूर देऊन आलो. तुझी आठवण काढून रडत होता, वेडा.

एवढी वर्षं एसटी चालवलेला माणूस हायवेवर उलटा शिरलाच कसा, असं विचारतेस. ऐक. आमचा साहेब टेक्सासचा. ऑफिसात त्याच्या मुलखातल्या रस्त्यांचा नकाशा भिंतभर टांगलाय. तिकडे म्हणे शेतातून बाजारात जायलासुद्धा नंबर घातलेली डांबरी सडक, आणि हायवेच्या दोन्ही अंगांना गावच्या गाड्यांसाठी धाकटे रस्ते. तस्संच इथं वाळूत करायचं खूळ त्याच्या डोक्यात. धाकट्या रस्त्यावर वाहतूक दुतर्फा, मोठ्याच्या प्रत्येक बाजूला एकाच दिशेची. म्हणून त्याचा दंडक असा, की धाकटा रस्ता हायवेला मिळतो त्या प्रत्येक तोंडावर 'इकडे वळू नका' अशी लाल पाटी रोवल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. पाट्या माझ्याकडे. हो, तू ज्याला खडीवाला म्हणालीस तोच मी, आता फोरमन आहे. चाळीस माणसं हाताखाली.

खडीवाला! पीडब्ल्यूडीचा मुकादम नको, खाकीतला ड्रायव्हर हवा. तुझ्या आईला तर देवरुख डेपोचा केवढा पुळका! पुढच्या सीटवर फुकट बसायला मिळेल म्हणून मुलगी दिली. मग त्याच ड्रायव्हरनं मला पत्रांवर पत्रं घातली, व्हिसाचं बघ म्हणून. बघितलं. पाण्याच्या टँकरवर लावून दिला. इथं गाड्या उजवीकडून चालतात, तेव्हा महिनाभर शेजारी बसून मीच शिकवलं. पण रस्ता रिकामा दिसला की गडी डावीकडे सरकायचाच. हात ऐकत नाहीत म्हणायचा.

त्या दिवशी सातव्या तोंडाची पाटी माझ्या पिकअपमध्येच पडून होती. मुद्दाम नाही गं. ऊन मी म्हणत होतं, म्हटलं आधी जेवू. टँकर धाकट्या रस्त्यावरून आला आणि आपल्याकडच्यासारखा बिनधास्त डावीकडे वळला. समोरून एक म्हातारा गाडीत मेंढ्या घालून येत होता. जागच्या जागी गेला बिचारा. बाळाराम त्याच्यापाशीच डोकं धरून बसला, मान वर करेना. पोलिसांना यायला पाऊण तास लागला, तेवढ्यात मी पाटी रोवली आणि बुंध्याशी वाळू तुडवून बसवली. दुभाष्या नसरुद्दीननं विचारलं तेव्हा पाटी होती म्हणून सांगितलं. बाळारामला वाटतं, आपल्यालाच दिसली नाही. अजून स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालतो. मी ऐकून घेतो.

तू लिहितेस, काझीपुढे खरं सांग, त्यांना सोडव. तोंडानं मी सांगायचा नाही. पण वर लिहून दिलंय ना, आणि खाली सही करतोय. हे पत्र वकिलातीत पाठव. ते भाषांतर करतील, बाळाराम सुटेल, मी आत जाईन. माझी तयारी आहे. फक्त कागद एकच आहे, पाठपोट लिहिलेला, आणि फाडलेला कागद पुरावा म्हणून कुणी घेत नाही. म्हणून दुसरी गोष्टही याच कागदावर लिहितो. तुझ्या लग्नाआधी दोन महिने, डांबराच्या शेडमागे, तीन दुपारी आपण भेटलो होतो. तुझा थोरला सातव्या महिन्यात झाला असं तू सासरी सांगितलंस. तो पुऱ्या दिवसांचा होता, माझा होता, आणि हनुवटी माझीच घेऊन आला. कोर्टात पुरावा मोठ्यानं वाचतात, तुळसा, आरोपीला त्याच्या भाषेत समजावून. बाळाराम समोरच उभा असेल. आता पत्र पाठवायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव.

भाऊ नव्हे, तुझाच,
हरिहर