पावण्यांना फणस

२ मार्च, रविवार
सकाळी चहाला आमच्या लेकीने, क्रांतीने सांगितलं की तिला मुरगूडचा अमरसिंह पसंत आहे. लग्न करायचं म्हणते. ऐकून घेतलं. पण दिवसातली मोठी गोष्ट संध्याकाळची. क्लबात व्याख्यान झालं. शेळ्या, मेंढ्या, म्हशी रवंथ करतात, ढेकर देतात, त्यातून मिथेन निघतो आणि पृथ्वी तापते. गांभीर्याने ऐकणारा मी एकटाच. बाकीचे जेवणाच्या वासावर उठले.
ठरलं. उद्यापासून घरात मटण बंद, दूधही कमी. उद्या सोमवार आहे, सुरुवात सोपी जाईल.

५ मार्च
क्लबातल्या जोशीला खानावळीत जेवायला नेलं. मी दोन वाट्या तांबडा रस्सा घेतला, एक पांढरा. मटणाची फोड एकही घेतली नाही. रस्सा द्रव असतो. व्याख्यानात द्रवाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

९ मार्च
मेहुणा विजयसिंह कळंब्याहून आला. सोयरिकीत मध्यस्थ तोच. म्हणाला, मुलाकडचे पुढच्या रविवारी जेवायला येणार, मटणाचं मी बघतो. मी म्हणालो, मटण नाही. तो हसत सुटला. अनुजा हसली नाही. बायकोला दूरदृष्टी नसते, पण विनोदबुद्धी तरी असावी.
क्रांती म्हणाली, बाबा, वर्षभर पाळा, एवढा एक रविवार सोडा. मी म्हणालो, जे रविवारची सुट्टी घेतं ते तत्त्वच नव्हे. वाक्य चांगलं जमलं. पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, तोवर ती उठून गेली होती.
मुलाच्या घरी बारा म्हशी आहेत. बारा.

१५ मार्च
गगनबावड्याहून कोवळा फणस मागवला. ओळखीच्या जीपने आला, एकटाच. त्या डिझेलचा विचार नंतर करू. अनुजा म्हणाली हाताला तेल लावून चिरा. लावलं नाही. चीक अजून निघत नाही, पेनही बोटांना चिकटतंय.

१६ मार्च, रविवार, दुपारी ४
पावणे येऊन गेले. अमरसिंह आणि त्याचे आईवडील. वडील बाळासो, गडी उंचापुरा, फेटा बांधून आलेले. हातात दुधाची भरलेली किटली. मी नम्रपणे ती परत गाडीत ठेवायला लावली आणि कारण समजावून दिलं, ढेकरांसकट. त्यांनी इतकं एकाग्र होऊन ऐकलं की पापणी लवली नाही.
ताटात फणसाचा तांबडा रस्सा. बाळासोंनी फोड बोटाने दाबून पाहिली, मग अनुजाकडे वळून हळूच विचारलं, "ताई, घरात सुतक हाय का?"
मी मनापासून हसलो. गावाकडची माणसं मिश्कील असतात. दुसऱ्यांदा कुणी काही मागितलं नाही. मिताहार हाही पृथ्वीला उपकारकच. लवकर निघाले. क्रांती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, लाजली असेल.
एकूण यशस्वी.

१९ मार्च
मुरगूडहून फोन नाही. विचार चालू असणार. बारा म्हशी विकायच्या म्हणजे घरात बोलावं लागतं.

२१ मार्च
विजयसिंह आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.
"दाजी, तुमी नकार कळवलासा म्हनं."
मी म्हणालो, कुठला नकार? मी फणस वाढला.
"त्योच की."
मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. सोयरिकीला आलेल्या पावण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मटणाशिवाय उठवतात, पावणा समजतो. वर त्यांचं दूधही परत पाठवलं, म्हणजे शिक्काच मारला.
ही पद्धत मला माहीत असायचं कारण नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर अनुजा स्वयंपाकघरातून म्हणाली, की माझ्याच बहिणीला, म्हणजे तिच्या नणंदेला, आलेलं कागलचं स्थळ डाळ-वांगं घालूनच घालवलं होतं, आणि वाढायला मीच होतो.
असेल. मला वांगं नीट आठवत नाही.

२३ मार्च
क्रांती आणि विजयसिंह समजूत घालायला मुरगूडला निघाले. मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. मिथेनचे आकडे थोडे सौम्य करून सांगणार होतो. क्रांती म्हणाली, तुम्ही नका येऊ. हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं.
"मी सासरी जाऊ नये असं वाटत होतं तर तसं म्हणायचं की, बाबा. पृथ्वीला कशाला मधी घेतलंसा?"
ती उगाच हळवी होते. विषय विज्ञानाचा आहे.
शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावरच राहिला.

१३ एप्रिल
साखरपुडा झाला. विजयसिंहाच्या दारात, मांडव घालून. पावण्यांना आग्रह करून वाढायचा मान मुलीच्या बापाचा. मटणाची बादली विजयसिंहाच्या हातात होती. मी पंगतीच्या कडेला उभा. बाळासोंना दया आली असावी, शेजारची जागा दाखवत म्हणाले, "बसा की पावणं."
बसलो. वाढलं ते खाल्लं.
लग्न मे महिन्यात. घरी आल्यावर हिशेब मांडला. तिघांतलं एक माणूस जाणार, म्हणजे आमच्या घरच्या जेवणाचा कार्बन एक तृतीयांशाने खाली. माझ्या सगळ्या उपायांनी मिळून एवढा उतरला नव्हता. क्लबात सांगण्यासारखा आकडा आहे.
अनुजा विचारून गेली, रात्री किती भाकऱ्या टाकू. क्रांती घरी जेवणार आहे का, मला माहीत नव्हतं.