उतारा क्रमांक अकरा

प्रिय ताईस (मागच्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून रागावली असशील तर रागावलेल्या ताईस) धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

तुझ्या हातांची सालं निघायची थांबली का? मैदानाच्या लाँड्रीत नवा साबण आलाय आणि तो मळापेक्षा माणसावर जास्त चालतो, असं तू लिहिलं होतंस. भावोजींचा गुडघा कसा आहे? (म्हणजे भावोजी कसे आहेत ते वेगळं विचारायला नको.) इकडे सगळे मजेत. ही म्हणते की मी हल्ली जेवताना ताटाकडे न बघता भिंतीकडे बघतो. तिचं म्हणणं खरं आहे. त्या भिंतीवर काय दिसतं, हे सांगायलाच हे पत्र लिहितोय.

आमच्या पेपरातलं रविवारचं खेळाचं सदर तू वाचत नाहीस, हे मला माहीत आहे. (दोरीखाली पेपर अंथरतेस तेव्हा ते पान सगळ्यात आधी जातं, हेही माहीत आहे.) ते सदर चौतीस वर्षं एकच माणूस लिहीत होता. ऑफिसात त्यांना सगळे आजोबा म्हणतात, फोटोत मात्र ते अजून नवरदेव दिसतात. गेल्या महिन्यात त्यांनी आपणहून सांगितलं की हल्ली आपल्याला चेंडू दिसत नाही. खरं तर सात वर्षं दिसत नव्हता, पण आठवणीवर भागत होतं. ते गेले आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांच्या फोटोचा पांढरा चौकोन उरला. ताई, तो चौकोन मी एकोणीस वर्षं बघतोय. माझं काम गुणतक्ते लावायचं, कोण जिंकलं, कोण हरलं, किती फरकानं. दुपारी तीनच्या सुमाराला पंखा एका लयीत कुरकुरायला लागतो, खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत सरकत माझ्या कोपरापर्यंत येतं, आणि मला त्या चौकोनात माझाच फोटो दिसायला लागतो. हनुवटीवर हात, डोळे दूर कुठेतरी. (मागच्या वर्षी असाच फोटो बघता बघता मी एक हरलेला संघ जिंकवून टाकला होता. त्यांच्या प्रशिक्षकाचा आभाराचा फोन आला होता.) तर आता ती जागा खरोखरच रिकामी झाली होती, आणि माझ्या नोकरीची उरलीत चार वर्षं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

पण मध्ये आल्या संपादकबाई. नव्या आहेत. पहिल्याच आठवड्यात त्या आमच्या विभागात आल्या, उभ्या राहिल्या आणि आम्हा नऊ जणांना बराच वेळ न्याहाळत बसल्या, म्हणजे उभ्याच होत्या. नऊ पुरुष, नऊ चष्मे, नऊ सुटलेली पोटं. इथे सगळे एकाच साच्यातले कसे, असं त्यांनी विचारलं. आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पंच म्हणतो, कारण त्यांचा निर्णय बदलत नाही, चुकला तरी. ते दुखावले. आमच्यात वैविध्य आहे, म्हणाले, हा डावखुरा आहे, तो आधी हवामानाच्या बातम्या लिहायचा, आणि त्या पलीकडच्याला तर खेळ आवडतच नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं आणि जुने अर्ज मागवले. त्यात एका धावपटू मुलीचा अर्ज ‘पुढे बघू’ नावाच्या फायलीत निघाला. ती फाईल सहा वर्षं कुणी उघडलेली नव्हती. बाई म्हणाल्या, तुम्ही नऊ जण एकाच खिडकीतून बघता. (मी खिडकीकडे बघितलं. खरोखर एकच आहे, आणि तीतून गाड्या लावायची जागा दिसते.)

मग त्यांनी नियम काढला. सदरासाठी कुणीही नमुन्याचा मजकूर पाठवावा, बाहेरच्यानं, आतल्यानं, कुणीही. त्यावर नाव नको, वय नको, फोटो नको. नाव बंद लिफाफ्यात. वाचणाऱ्याला लिहिणारा बाई आहे की बुवा हे कळताच कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त आमच्या मुद्रितशोधकानं हात वर केला. (त्याला अनुस्वार म्हणतात, कारण तो कायम कुणाच्या तरी डोक्यावर असतो.) तो म्हणाला, बाई, ‘मी मैदानावर गेलो’ लिहिलं की कळलं आणि ‘मी मैदानावर गेले’ लिहिलं की कळलं. आपली भाषा चुगली खाते. मग त्यानंच तोड काढली. प्रत्येक ‘मी’चं ‘आम्ही’ करायचं. आम्ही गेलो, आम्ही बसलो. बाईही गेली, बुवाही गेला, कुणाला पत्ता नाही.

दोन दिवस बसून त्यानं सत्तावीस उतारे ‘आम्ही’त बुडवून काढले. ताई, ते वाचताना आपण कुठल्या तरी जुन्या राजवाड्यात फिरतोय असं वाटायचं. एका उताऱ्यात ‘आम्ही एकट्यानेच खोलीत बसून रडलो’ असं होतं. दुसऱ्यात ‘आमच्या आईने आम्हाला कडेवर घेऊन मैदान दाखवले’, आणि पंचांना त्या माउलीची फार काळजी वाटली. एक जण तर ‘आम्ही शंभर मीटर धावलो आणि आम्ही तिसरे आलो’ असं लिहून मोकळा झाला होता, म्हणजे पहिला-दुसरा कुठल्या गर्दीत होता कोण जाणे.

आणि मग उतारा क्रमांक अकरा. तो पंचांनी मोठ्यानं वाचला. ‘शनिवारी आम्ही दोन्ही संघ धुतले. पाहुण्यांना जरा जास्त वेळ लागला. गोलकीपरला दोनदा धुवावं लागलं, कारण त्याच्याइतका कुणी मातीत गेला नव्हता. कर्णधाराला धुण्यासारखं काही नव्हतंच, तो जसा गेला तसा आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो मात्र त्याचाच होता.’ (ओळखीचं वाटलं तर वाटू दे, ताई. पत्र खाली ठेवू नकोस.) पंच म्हणाले, बघा, टीका अशी असते. एकाच दिवशी दोन्ही संघांना धुणारा माणूस, म्हणजे कुणाच्या बापाला न भिणारा. पुढे साबणाचा उल्लेख आला तेव्हा डावखुऱ्याला शंका आली, पण पंचांनी त्याला तिथेच गप्प केलं. ही रूपकं आहेत, म्हणाले. साबण म्हणजे शिस्त. पाणी म्हणजे जनमत. माणूस मुरलेला आहे, निदान वीस वर्षं राष्ट्रीय संघात खेळलेला असणार.

शेवटचा परिच्छेद त्यांना नीट वाचता आला नाही. ‘सगळं वाळत घातलं की आम्ही पायरीवर बसतो. मैदान रिकामं असतं आणि दोरीवर बावीस शर्ट वाऱ्यात खेळत असतात. कुणाचं पोट भरून येतं, कुणाचा हात वर जातो. दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. तेवढा वेळ कुणीच हरत नाही.’ पंचांनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरून हातात धरून बसले. मला तर ऑफिस दिसेनासं झालं. छताच्या पंख्याखाली शर्ट तरंगतायत, मधून कोवळं ऊन येतंय, संपादकबाई, अनुस्वार, सगळे जमिनीपासून वीतभर वर, आणि कुणाला कसली घाई नाही. किती वेळ तसा बसलो होतो, माहीत नाही.

एकमत झालं. लिफाफा फोडला. आत माझं नाव होतं.

पंचांनी मला मिठी मारली. बघा, आमच्यातच होतं, उगाच गावभर शोधत होतो, असं ते दारातून जाणाऱ्या शिपायालाही सांगत होते. बाईंनी अभिनंदन केलं, पण त्यांचा चेहरा पडला होता. एवढा खटाटोप करून कोपऱ्यातला दहा पावलांवरचा गडीच निघाला, हे त्यांना लागलं असणार. मला मात्र दिवसभर चालताना पाय जमिनीला लागत नव्हते. फोटो कुठला द्यायचा याचाही विचार झाला. हनुवटीवर हात असलेला मी काढून ठेवलेलाच आहे.

तर अशी ही आनंदाची बातमी. भावोजींना सांग. हाताला खोबरेल लावत जा.

तुझा, एकोणीस वर्षांनी चौकोनात शिरलेला,
धाकटा

ता. क. १ : तू ओळखलंच असशील. उतारा अकरा म्हणजे तुझं मागचं पत्र. मी एकोणीस दिवस लिहून बघितलं, दर वेळी ते आजोबांनी झोपेत लिहिल्यासारखं व्हायचं. शेवटच्या दिवशी तुझं पत्र समोर होतं. ते मी माझ्या अक्षरात उतरवलं. तू ‘गेले, बसले’ लिहिलं होतंस, तिथे मी ‘गेलो, बसलो’ केलं. चार ठिकाणी मिळून चार काने, माझं काम तेवढंच, आणि अनुस्वारच्या ‘आम्ही’नं तेही फुकट गेलं. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस आणि गुरुजी माझी पाठ थोपटायचे, तेव्हा तू कधी काही बोलली नाहीस. म्हणून मागायचा धीर होतोय : दर बुधवारी एक पत्र टाकशील का? काहीही लिही, बाकीचं मी बघतो.

ता. क. २ : वरची विनंती रद्द. हे पत्र दोन दिवस खिशातच होतं. फोटो द्यायला बाईंच्या खोलीत गेलो आणि फोटो न देता सगळं सांगून बसलो. कसं बोललो ते आठवत नाही. त्यांनी विचारलं, ताई किती वर्षं तिथे कपडे धुतायत? म्हटलं, सव्वीस. आणि तुम्ही इथे किती वर्षं आहात? एकोणीस. ‘म्हणजे मैदानावर सगळ्यात चांगलं कोण बघतं, हे तुम्हाला एकोणीस वर्षं ठाऊक होतं,’ त्या म्हणाल्या. ताई, मला लाज वाटली. तू कधी काही मागितलं नाहीस, म्हणून तुला काही हवं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती रूपकं नव्हती, खरेच शर्ट होते, हे पंचांना कळलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, मग तर आणखी भारी. आता ते सदर तुझं आहे, तुझ्या नावानं, तुझ्या ‘मी’नं. तू ये, नाहीतर तिथूनच लिही. पण बाईंना हो किंवा नाही तूच कळवायचं आहेस, मी मध्ये नाही.

ता. क. ३ : निघताना बाईंनी मला थांबवलं आणि त्या एकोणीस दिवसांत मी स्वतः काय लिहिलं ते दाखवायला सांगितलं. मी नको नको म्हणत दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. चांगलं आहे की वाईट, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ते मला विचारू नका, ज्यांना लिहिता येतं त्यांना विचारा. म्हणून दोन पानं सोबत जोडली आहेत. आई म्हणायची ते एक वाक्य माझ्या नकळत त्यात आलंय, तेवढं सांभाळून घे. बाकी कशाला दया दाखवू नकोस. सावकाश वाच आणि एकदाच, पण खरं सांग, ताई, मी लिहू का?