थुंकण्यात पहिला

१४ मार्च २०१६
मी, बद्रीनाथ, गोदामात खोकी मोजणारा, आता वाईनचा परीक्षक होणार! कंपनीत चव बघणाऱ्याची एक जागा निघालीय. सात आठवडे शिकवणार, मग परीक्षा. पास झालो तर कायम. नाय तर कंत्राट मेअखेर संपतंय, बसा बोंबलत.

कालिंदी म्हणाली, "दारूच्या कंपनीत गेलात तवाच म्हणलं होतं, एक दिवस पाजतील." शनिवार धरलाय तिनं, मी नापास व्हावं म्हणून. बायका नवऱ्यासाठी उपास करतात असं ऐकलं होतं, ते हेच असावं.

१६ मार्च
पहिला धडा थुंकण्याचा. खरंच! शिकवायला पुण्याच्या मृण्मयी मॅडम आहेत. घोट तोंडात घोळवायचा, चव लिहायची अन् बादलीत थुंकायचं. वरद म्हणून एक शिकलेलं पोरगं आहे बरोबर — त्याचा शर्टच भिजला. माझी पिचकारी दीड हातावरून सरळ बादलीत, एक थेंब बाहेर नाय. मॅडम म्हणाल्या, "वा! कुठं शिकलात?"

काय सांगणार! पंधरा वर्षं डाव्या गालात गुटख्याची पुडी धरतोय. शाळेत कधी पहिला आलो नाय, इथं आलो.

पुडी आजपासून बंद, म्हणाल्या. जीभ बोथट होते म्हणे.

१७ मार्च
बंद म्हणजे गेटच्या आत बंद.

२ एप्रिल
नळ आज आठव्या दिवशी आला. पाऊण तास, अन् तोही पिवळा. बीड बायपासला बारा-बारा मजले उठतायत, त्यांच्या दारात टँकर उभा. अन् आमचे पेले विसळायला बाटलीतलं पाणी! सकाळी दोन हंड्यांसाठी शेजाऱ्याशी भांडायचं अन् दुपारी चूळ भरून बादलीत टाकायची. देव बघत असंल तर त्यानं जरा तिकडं तोंड करावं.

पुडी खरंच सोडलीय. दहा दिवस झाले. लिहून ठेवतो, कारण घरात कुणाचा विश्वास नाय.

११ एप्रिल
मी लिहिलेली चव कुणाशीच जुळंना. सगळे लिहितात 'मऊ', 'लिचीसारखी'. मी लिहिलं, 'जळजळते'. वरद फिदीफिदी हसला. अरे, शहागंजच्या मंडईत फिरून लिची दाखव आधी! पुडी सुटली, माझी जीभ तेज झाली, एवढंच. ह्यांच्या जिभा अजून झोपेत आहेत.

१९ एप्रिल
कालिंदीवर ओरडलो. वरणात किती मिरची घालावी माणसानं! म्हणे, "महिना झाला, तुमच्यासाठी मिरची घालतच नाय मी." व्हय का? म्हणजे मिरच्या पातेल्यातच पिकतात. यंदा मराठवाड्यात तेवढं एकच पीक जोरात आहे.

३ मे
परीक्षा. सहा पेले. सहाही जळले. सहाही मी नापास केले.

निघताना मॅडमनी थांबवलं. वाटलं, झालं, परत गोदाम. पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सहाव्या पेल्यात नुसता द्राक्षाचा रस होता, बद्रीनाथ. तोंडात कधीपासून जळतंय?" मग तोंड किती उघडतं ते बघायला तीन बोटं उभी धरून आत घालायला सांगितली. दोन गेली. तिसरं लई रेटलं, नाय गेलं. वरद बघत होता, हसला नाय.

भ्यालो. खरं लिहितो, लई भ्यालो. बसमध्ये सारखं तोंड उघडून बघत होतो.

५ मे
सरकारी दवाखाना. डाव्या गालात पांढरा पट्टा आहे, म्हणाले. तुकडा काढून तपासायला पाठवला, आठ दिवसांनी कळंल. घरी एवढंच सांगितलं, नापास झालो. कालिंदी इतकी खूश झाली की लगेच शिरा केला. उजव्या बाजूनं दोन वाट्या खाल्ला.